दादा केळुसकर : एका मराठी शिक्षकाचे ऋण

भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे. त्याचे वाचन विहारातून होते, वर्षावासात तर रोज होते. परंतु या ग्रंथाच्या कर्त्याला बुद्ध प्रथम कोणत्या पुस्तकातून भेटला, ते पुस्तक कोणी लिहिले आणि कोणी हाती दिले, असे विचारले तर उत्तर देणारे थोडे निघतात. नाव आठवलेच तर केळुसकर गुरुजी एवढेच आठवते. त्यांचे गाव कोणते, धंदा कोणता, त्यांनी आणखी काय लिहिले, हे माहीत नसते. बाबासाहेबांच्या चरित्रात ते दोन-तीन पानांवर येतात आणि निघून जातात. त्या माणसाची ओळख करून द्यावी आणि त्याचे आपल्यावर नेमके किती ऋण आहे ते मोजून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचा जन्म २० ऑगस्ट १८६० रोजी झाला. मूळ गाव वेंगुर्ल्याजवळचे केळूस. हा मुलूख तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता, १९८१ पासून तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. जातीने ते मराठा. कोकणातल्या हजारो माणसांप्रमाणे त्यांचेही आयुष्य मुंबईला बांधले गेले. कोणी गिरणीत गेला, कोणी गोदीत, कोणी पलटणीत. कृष्णराव शाळेत गेले आणि शिक्षक झाले. गिरगावातल्या विल्सन हायस्कुलात त्यांनी शिकवले. मुंबईच्या लेखकांत त्यांची गणना होते ती मात्र शाळेमुळे नव्हे, त्यांनी लिहिलेल्या चरित्रांमुळे.

त्या काळची मुंबई आपण डोळ्यांसमोर आणली पाहिजे. गिरगाव, ठाकूरद्वार, काळबादेवी या भागात छापखाने होते, ग्रंथविक्रेते होते, वाचनालये होती. मराठी ग्रंथ याच शहरात आणि पुण्यात जन्माला येत. पण लिहिणारे कोण होते आणि कोणासाठी लिहीत होते? विद्या ही ठराविक जातींची मिरास होती आणि लेखणीही त्यांचीच होती. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांचा पवाडा लिहून या मिरासदारीला धक्का दिला. १८९० साली ते गेले. त्यानंतरच्या पिढीत, ज्या समाजाला लिहिण्याची परंपरा नव्हती त्या समाजातून, रीतसर अभ्यास करून, साधने जमवून मोठे ग्रंथ लिहिणारे जे थोडे लोक पुढे आले त्यांत केळुसकर होते. शाळेत दिवसभर शिकवायचे आणि उरलेल्या वेळात लिहायचे, असा त्यांचा क्रम होता. ज्यांनी शाळेत सहा तास फळ्यासमोर उभे राहून घरी आल्यावर लेखणी धरली आहे, त्यांनाच त्या कष्टाची कल्पना येईल.

त्यांनी तुकारामाचे चरित्र लिहिले. छत्रपती शिवाजी महाराजांचे विस्तृत चरित्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लिहिले. या शिवचरित्रावरून प्रा. तकाखाव यांनी इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला आणि तो १९२१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर मूळ मराठी ग्रंथकर्ता म्हणून केळुसकरांचे नाव आले. सामान्य महाराष्ट्राला ते शिवचरित्रकार म्हणून माहीत आहेत. आपल्या दृष्टीने मात्र त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ दुसराच आहे. १८९८ साली प्रसिद्ध झालेले गौतम बुद्धाचे चरित्र, तो हा ग्रंथ.

वाचकहो, १८९८ हे साल नीट ध्यानात घ्या. महाराष्ट्रात बुद्ध तेव्हा कोठे होता? तो डोंगरात होता. कार्ले, अजिंठा, कान्हेरी या लेण्यांत तो दगडात उभा होता, पण गावच्या माणसाला तो ओळखू येत नव्हता. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना तर लोक पांडवलेणीच म्हणत आले. मुंबईपासून जवळच नालासोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप खणून काढला. त्यातून अवशेषांचा करंडक निघाला आणि तो मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे गेला. म्हणजे बुद्ध सापडत होता, पण तो पंडितांना सापडत होता. १८७९ साली एडविन अर्नोल्ड यांचे बुद्धावरील इंग्रजी काव्य प्रसिद्ध झाले. १८८१ साली लंडनमध्ये पाली ग्रंथ छापण्यासाठी संस्था निघाली. १८९१ साली अनागारिक धम्मपालांनी महाबोधी सोसायटी काढली. हे सर्व इंग्रजीत, पालीत, सिंहलीत चालले होते. मराठी वाचणाऱ्या मुलाला यातले काही मिळण्याचा मार्ग नव्हता.

तो मार्ग ज्यांनी काढला त्यांत केळुसकर गुरुजी अगदी आरंभीचे. त्याच किनाऱ्यावर थोडे खाली, गोव्यातल्या साखवाळ गावचा एक तरुण याच सुमारास एका मराठी मासिकातला बुद्धावरील लेख वाचून वेडावून गेला होता आणि १८९९ साली घर सोडून बुद्धाच्या शोधात निघाला. ते धर्मानंद कोसंबी. कोसंबी नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश पायाखाली घालून आले. केळुसकर मुंबई सोडून गेले नाहीत. त्यांनी ग्रंथ जमवले आणि मराठीत लिहिले. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण बुद्धाला मराठी बोलायला लावण्याचे काम दोघांचे एकच. आणि दोघांच्याही पाठीशी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड होते, ही गोष्ट विसरता कामा नये. कोसंबींना सयाजीरावांनी दरमहा ५० रुपये दिले, ते महाराष्ट्रात राहून काम करावे आणि ग्रंथ लिहावेत म्हणून. केळुसकरांचे बुद्धचरित्रही बडोद्याच्या सयाजीरावांच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेले होते, असे बाबासाहेबांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे.

आता आपण मुख्य प्रसंगाकडे येऊ.

सुभेदार रामजी आंबेडकर १९०४ च्या सुमारास साताऱ्याहून मुंबईला आले आणि परळच्या चाळीत राहू लागले. एकच खोली. त्यातच चूल, त्यातच बिछाना, त्यातच अभ्यास. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. सरकारी शाळा, मोठे नाव, तरी तिथेही त्याला संस्कृत शिकू दिले नाही. दुसरी भाषा म्हणून फारसी घ्यावी लागली. शाळा सुटली की तो चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसे आणि वाचत राही. चाळीतल्या गोंगाटात न मिळणारी जागा त्याला बागेतल्या बाकावर मिळाली.

याच बागेत केळुसकर गुरुजीही वाचायला येत. रोज तोच मुलगा, रोज हातात पुस्तक. इतर मुले खेळत आहेत आणि हा एकटा वाचतो आहे, हे त्यांनी पाहिले. त्यांनी चौकशी केली, तू कोण, कोठला, असे विचारले. मुलाने आपली जात सांगितली. येथे गोष्ट संपू शकत होती. त्या काळी अशा उत्तरानंतर पुष्कळ गोष्टी संपत. गुरुजींनी ती संपू दिली नाही. त्यांनी मुलाला काय वाचावे, कसे वाचावे हे सांगायला सुरुवात केली आणि आपल्याकडची पुस्तके द्यायला सुरुवात केली.

मुलगा परीक्षा पास झाला तेव्हा वस्तीतल्या लोकांना त्याचा सत्कार करावासा वाटला. अस्पृश्य समाजात एवढी मजल कोणी मारलेली नव्हती. सत्कार कोणत्या परीक्षेनंतर झाला याविषयी दोन पाठ आहेत. चरित्रकार १९०७ सालची मॅट्रिक सांगतात आणि सभेचे अध्यक्ष म्हणून सीताराम केशव बोले यांचे नाव देतात. हेच बोले पुढे १९२३ साली कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मांडणारे. बाबासाहेबांनी १९५६ साली भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र इंग्रजी चौथीची परीक्षा सांगितली आहे आणि अध्यक्ष दादा केळुसकर असल्याचे म्हटले आहे. ही प्रस्तावना १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही, ती पुढे पुष्कळ वर्षांनी लोकांसमोर आली. परीक्षा कोणतीही असो, सभा झाली आणि पुस्तक दिले गेले, याबद्दल दोन्ही पाठांत मतभेद नाही.

बाबासाहेबांच्या प्रस्तावनेत आणखी एक गोष्ट आहे. सुभेदार रामजींचा या सत्काराला विरोध होता. पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांना वाटत होते. लोक केळुसकरांकडे गेले, कारण ते रामजींचे स्नेही होते. केळुसकरांनी रामजींशी वाद घातला, त्यांचे मन वळवले. सभा झाली. भाषणाच्या शेवटी गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले.

वाचकहो, पुढे काय झाले ते पाहा. मुलाने पुस्तक वाचले आणि तो हलून गेला. पण नुसता हलून थांबला नाही. त्याने बापाला प्रश्न विचारला. आपल्या घरात रामायण वाचतात, महाभारत वाचतात, मग या बुद्धाची ओळख आम्हाला का करून दिली नाही? रामजी कबीरपंथी होते, भाविक होते. ते म्हणाले ते असे की, आपण अस्पृश्य आहोत, आपल्या मनात न्यूनगंड येतो, द्रोण आणि कर्ण यांसारखी साधी माणसे किती उंच गेली हे कळावे म्हणून महाभारत वाचावे, आणि वाल्मीकी कोळी असून रामायण लिहितो हे कळावे म्हणून रामायण वाचावे. बापाच्या उत्तरात तथ्य होते, असे बाबासाहेबांनीही मान्य केले आहे. पण त्यांचे समाधान झाले नाही. महाभारतातले भीष्म, द्रोण आणि कृष्ण त्यांना पटले नाहीत, रामही पटला नाही. आता त्यांच्या हाती मोजपट्टी आली होती. कोवळ्या वयात तुलना सुरू झाली आणि ती १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत थांबली नाही.

केळुसकरांचे काम त्या सभेने संपले नाही. भीमराव इंटरची परीक्षा पास झाला तेव्हा रामजींचे हात टेकले होते. पुस्तकांसाठी लेकीचे दागिने गहाण टाकून आणि पेन्शन आली की सोडवून त्यांनी मुलाला इथवर आणले होते. पुढे कॉलेज चालणे अशक्य होते. सयाजीराव महाराजांनी मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या सभेत लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करण्याचे जाहीर केले होते. गुरुजींनी ते बोलणे धरले आणि भीमरावाला घेऊन महाराजांसमोर गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या २५ रुपयांवर १९१२ ची बी. ए. झाली. त्या बडोद्याच्याच आधारावर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठ गाठता आले.

येथवर सर्व गोड आहे. पण चरित्र लिहायचे तर कडू भागही लिहिला पाहिजे.

१९१७ साली डॉ. आंबेडकर करारानुसार बडोद्याच्या नोकरीवर गेले. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. ते मुंबईला परतले. केळुसकर गुरुजींनी पुन्हा खटपट केली. बडोद्यातल्या आपल्या ओळखीच्या एका प्राध्यापकाकडे त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या राहण्याची सोय लावली. डॉ. आंबेडकर पुन्हा बडोद्याला निघाले. स्टेशनावर उतरले तो त्या गृहस्थांची चिठ्ठी हाती पडली. पत्नीला हे चालणार नाही, असा तिचा आशय होता. डॉ. आंबेडकर तेथूनच मागे फिरले.

या प्रसंगावर आपण क्षणभर थांबले पाहिजे. गुरुजींच्या मनात खोट नव्हती. त्या प्राध्यापकाच्या मनातही कदाचित नसेल. कोलंबियाची पदवी होती, महाराजांचा हुकूम होता, मित्राचा शब्द होता. हे सर्व एका स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी येऊन थांबले. एक सज्जन दुसऱ्या सज्जनाला शब्द टाकतो, यावर कोट्यवधी लोकांची सुटका होणार नाही, हे त्या चिठ्ठीने दाखवून दिले. केळुसकरांचा मार्ग हा व्यक्तीला मदत करण्याचा मार्ग होता. बाबासाहेबांना पुढे जो मार्ग काढावा लागला तो महाडच्या तळ्याचा, येवल्याच्या घोषणेचा आणि नागपूरच्या दीक्षेचा होता. गुरुजींनी बुद्धाचे चरित्र लिहिले, पण धर्म बदलला नाही. बुद्ध त्यांना वंदनीय होता, तसा तुकारामही होता. बुद्धाचा धम्म हा जातिव्यवस्थेतून बाहेर पडण्याचा दरवाजा आहे, हा अर्थ त्या पुस्तकातून बाबासाहेबांनी काढला. तो अर्थ काढायला पन्नास वर्षांचा अभ्यास, अपमान आणि लढा लागला.

हे स्पष्ट सांगण्याचे कारण आहे. केळुसकरांविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. काही लोक मोठ्या मनाचा आव आणून सांगतात की, बाबासाहेबांना घडवले ते सवर्णांनीच. केळुसकरांनी पुस्तक दिले, गायकवाडांनी पैसे दिले, मग तक्रार कशाला? याला उत्तर सोपे आहे. बुद्धचरित्राच्या त्या आवृत्तीच्या प्रती पुष्कळांच्या घरी गेल्या असतील. पुस्तक वाचून बापाला प्रश्न विचारणारा मुलगा परळच्या चाळीतच निघाला. पणती देणाऱ्याचे उपकार मानावेत, पण तेल ज्याने आयुष्यभर घातले त्याला विसरू नये. आणि रामजींनी गहाण टाकलेले लेकीचे दागिने या हिशेबातून कोणी वगळू नयेत.

दुसऱ्या टोकाला आपल्यातलेच काही तरुण आहेत. त्यांना केळुसकरांचे नाव घेणेच कमीपणाचे वाटते. दुसऱ्याचे उपकार कशाला सांगायचे, असे ते म्हणतात. त्यांना नम्रपणे एवढेच सांगायचे आहे की, हे नाव आपल्याला बाबासाहेबांनीच सांगितले आहे. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, आजारी असताना, आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथाची प्रस्तावना लिहिताना त्यांना त्या सभेतले पुस्तक आठवले आणि ते देणारा आठवला. मी बुद्धाकडे कसा वळलो या प्रश्नाचे उत्तर त्यांनी तेथून सुरू केले. कृतज्ञता आणि लाचारी यांतला फरक ज्याला कळतो, त्याला दादा केळुसकरांचे नाव घ्यायला संकोच वाटणार नाही.

केळुसकर गुरुजी १४ ऑक्टोबर १९३४ रोजी वारले. येवल्याची घोषणा त्यांनी ऐकली नाही, ती त्यानंतर एक वर्षाने, १३ ऑक्टोबर १९३५ ला झाली. नागपूरची दीक्षाही बरोबर १४ ऑक्टोबरलाच झाली, बावीस वर्षांनी. हा निव्वळ योगायोग आहे. शकुन आणि संकेत मानणारे आपण नव्हेत, तेव्हा त्यात जास्त काही शोधू नये. पण तारीख लक्षात ठेवायला मात्र तो उपयोगी आहे.

दादरच्या शिवाजी पार्कच्या कडेने जाणारा रस्ता केळुसकर मार्ग म्हणून ओळखला जातो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीसाठी आलेले लाखो लोक त्या मैदानात मुक्काम करतात आणि त्या रस्त्याने येतात-जातात. फुटपाथवर पुस्तकांची दुकाने लागतात आणि माणसे भाकरीचे पैसे वाचवून पुस्तके घेतात. यंदा तिकडे गेलात तर रस्त्याच्या नावाची पाटी जरूर पाहा आणि बरोबरच्या मुलांना सांगा की, हे गुरुजी कोण होते.

आणि एक गोष्ट करा. आपल्या वस्तीत, आपल्या शाळेत वाचणारे एखादे पोर असतेच. घरात जागा नसते, दिवा नसतो, म्हणून ते कोठे तरी पायरीवर बसून वाचत असते. त्याला नाव विचारा, काय वाचतो ते विचारा. सत्काराला हार आणि शाल आणण्याची पद्धत आपल्याकडे पडली आहे, ते पैसे वाचवून त्याला एक चांगले पुस्तक द्या. ते मूल पुढे काय होईल, हे पुस्तक देणाऱ्याला कळत नाही. केळुसकर गुरुजींनाही त्या संध्याकाळी ते कळले नव्हते.

जय भीम!